सिको 5, आठ महिन्यांनंतर: तो नंबर फक्त झाकणाचा होता

परवा घड्याळ दुरुस्त होऊन हातात आलं. आठ महिने झाले घेऊन, त्यातले शेवटचे सोळा दिवस ते राजवाड्याजवळच्या घड्याळवाल्या काकांच्या काचेच्या पेटीत पडून होतं. मे संपायच्या आधी कोणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं की जुनं सिको घ्या, पाच हजारांच्या आत याच्यापेक्षा चांगलं ऑटोमॅटिक मिळत नाही. घ्या असं आजही म्हणेन, पण पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे नाही ते आधी वाचा, कारण मी एका नंबरसाठी अठराशे रुपये जास्त मोजलेत आणि ते मला अजून सलतायत.

माझ्या घड्याळात 7009 नंबरचं मशीन, 17 ज्वेल (मशीनमधले बारीक खडे), चावी भरता येत नाही, हलवूनच सुरू करायचं, वेळ लावताना सेकंदाचा काटा थांबत नाही, हे जुनी सिको बघणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, ते परत लिहीत नाही.

झालं असं की मी मार्च 1978 चा आणि किती दिवसांपासून मनात होतं की आपल्या जन्माच्या महिन्यात बनलेलं घड्याळ आपल्या हातावर असावं. सिकोत हे जमतं असं वाटण्याचं कारण त्याचा सिरियल नंबर. मागच्या झाकणावर दोन नंबर असतात. एक चार आकडे, डॅश, परत चार आकडे, त्यातले पहिले चार मशीनचे आणि पुढचे चार केसचे (केस म्हणजे मशीन बसवतात ते बाहेरचं धातूचं घर). दुसरा सहा आकडी, तो सिरियल (साठच्या दशकातले सात आकडीही सापडतात). सिरियलचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, दुसरा म्हणजे महिना, 1 ते 9 सरळ, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन आणि डिसेंबरला डी. उरलेले त्या महिन्यातला क्रम सांगतात. विकणाऱ्याने फोटो पाठवला त्यात झाकणावर 8 आणि लगेच 3. आठ म्हणजे 78, तीन म्हणजे मार्च. त्याच्याकडे असंच दुसरं निळं सिको तीन हजाराला होतं, याचे त्याने अठ्ठेचाळीसशे सांगितले, म्हणाला बर्थ इयर पीस आहे साहेब, आणि मी दसऱ्याच्या आधी घेऊन टाकलं.

पहिले सात महिने एकदम मस्त गेले. निळं डायल उन्हात नुसतं चमकतं, ऑफिसात दोघांनी विचारलं कुठून घेतलं. दिवसाला चाळीस सेकंद पुढे जायचं पण जुन्या घड्याळाला एवढं चालायचंच म्हणून मी लक्ष दिलं नाही. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी दिसली होती, तारीख खिडकीत बरोबर मध्ये बसत नव्हती, किंचित खाली असायची. तेव्हाच भिंग घेऊन बसायला पाहिजे होतं.

मग मे महिना आला. बेचाळीस डिग्रीत गाडी उन्हात उभी, घड्याळ डॅशबोर्डवर, संध्याकाळी बघतो तर वाराची खिडकी मध्येच अडकलेली, अर्धा इंग्रजी बुधवार आणि खालून अर्धी अरबी अक्षरं वर आलेली (आखातातला पीस आहे हा, वाराच्या चकतीवर दोन्ही भाषा असतात). दोन दिवस तसंच घातलं, तिसऱ्या दिवशी घड्याळच थांबलं.

काकांनी माझ्यासमोरच उघडलं. काटे काढले आणि चिमट्याने डायल उचललं तर ते सुटं होऊन वर यायच्या ऐवजी खालून पिवळट तारा ताणल्या गेल्या, आपण गरम पाकातून चमचा उचलतो तशा. डिंक होता तो. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात आणि बाजूने पकडले जातात, म्हणून डायल हलत नाही. माझ्या डायलचे दोन्ही पाय कापलेले, नुसते चकाकणारे ठिपके उरलेले, आणि सगळं डायल डिंकावर. उन्हात डिंक पातळ झाला, डायल सरकलं, डिंक वाराच्या चकतीवर उतरला. काकांनी डोळ्याचं भिंग माझ्या हातात दिलं आणि डायलच्या अगदी खालच्या कडेला बघायला सांगितलं, सहाच्या खाली, जिथे केसची कड सुरू होते तिथे. बारीक अक्षरांत 6309 लिहिलेलं. मशीन 7009. "ये डायल इस मशीन का नहीं है भिया, पैर काट के चिपकाया है." मी विचारलं आणि झाकण? त्यांनी झाकण उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ढक्कन तो किसी का भी लग जाता है."

हे वाक्य मला सोडून जात नाही. सिकोचा सिरियल झाकणावर असतो. मशीनवर 7009ए आणि सतरा ज्वेल एवढंच, प्रत्येक मशीनचा वेगळा असा नंबर कुठेच नाही. केसवरही नाही. म्हणजे त्याच साइजचं दुसरं झाकण फिरवून बसवलं की घड्याळाचं साल बदललं. मी ज्या गोष्टीचे अठराशे रुपये दिले ती गोष्ट स्टीलची एक चकती होती.

विकणाऱ्याला फोटो पाठवले, डिंकाचा, कापलेल्या पायांचा, 6309 चा. मी पूर्ण पैसे मागितले नव्हते, फक्त ते वरचे अठराशे परत द्या म्हटलं. पहिलं उत्तर, सिरियल आठच आहे ना मग 78 झालं. दुसरं उत्तर, सात दिवसांत सांगायचं होतं. मी विचारलं सात दिवसांत मी डायलच्या खालचे पाय कसे बघणार होतो, तर म्हणाला दुसरं घड्याळ घ्या, त्यात पाचशे कमी करतो. त्यानंतर उत्तरच नाही. जुन्या वस्तूत दुरुस्ती, जोडतोड असते हे मला मान्य आहे, पन्नास वर्षांच्या घड्याळात सगळं मूळ मिळेल असं कोणी समजू नये. पण जोडतोड केलेलं घड्याळ जन्मसालाच्या भावाने विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ते मी त्याला लिहूनही कळवलं.

बरं, झाकण तरी 78 चं होतं का, हा प्रश्न मला त्यानंतर पडला, आणि तो खरेदीच्या आधी पडायला हवा होता. एका आकड्यात साल लिहिलं की दशक आपल्यालाच शोधावं लागतं. 8 म्हणजे 68, 78, 88, 98 काहीही. इथे मशीन कामाला येतं. 6119 असेल आणि सिरियल 1 ने सुरू होत असेल तर 1971च, कारण 61 मध्ये ते मशीन नव्हतं आणि 81 पर्यंत ते बंद होऊन त्याच्या जागी पुढची आली होती. झाकणावर वॉटर प्रूफ लिहिलंय की वॉटर रेझिस्टंट, याच्यावरूनही 1970 च्या सुमाराची घड्याळं वेगळी काढता येतात, आधीच्यांवर प्रूफ, नंतरच्यांवर रेझिस्टंट. पण 7009 हे सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पुढे बरीच वर्षं चाललं. 68 बाद, 98 बाद, कारण 1996 ला त्याच्या जागी 7एस26 हे नवं मशीन आलं होतं. उरले 78 आणि 88, आणि विकणारा बिनधास्त 78 म्हणत होता.

मग मी एक काम केलं जे या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आवडलं. माझ्या झाकणावरचा मशीन-डॅश-केस नंबर अगदी तोच असलेली जेवढी घड्याळं विक्रीच्या फोटोंत दिसली त्यांचे सिरियल वहीत उतरवले. रात्री जेवण झालं की बसायचं, बायको म्हणाली परीक्षा आहे का तुझी. एकतीस मिळाले. पहिला आकडा 2 पासून 8 पर्यंत, सलग. 0, 1, 9 एकही नाही. ही रांग सत्तरच्या दशकातली असती तर 1972 आणि 73 मध्ये 7009 बनत होतं असं मानावं लागेल, आणि तेव्हा ते नव्हतंच. म्हणजे रांग 82 ते 88 ची. माझं झाकण मार्च 1988 चं, मी तेव्हा चौथीच्या परीक्षेला बसत होतो.

ही पद्धत कोणालाही जमेल आणि हिला पैसे लागत नाहीत, फक्त एक अट, फोटोत झाकणाचे दोन्ही नंबर स्पष्ट पाहिजेत. आणि एकाच केस नंबरची घड्याळं घ्यायची, सगळी 7009 एकत्र केली तर काही कळत नाही.

ऑफिसातला मित्र याच दिवसांत आजोबांचं ओमेगा घेऊन आला, साल काढून दे म्हणाला. तिथे गोष्ट वेगळी आहे. जुन्या ओमेगाचा सिरियल आत मशीनवर कोरलेला असतो, झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि तो दर दशकाला परत सुरू होत नाही, पुढे पुढेच जातो. 1944 च्या सुमारास एक कोटी, 1963 च्या सुमारास दोन कोटी, असे टप्पे धरून अंदाज काढतात. आजोबांचा एक कोटी सत्तेचाळीस लाखांच्या आसपास निघाला, म्हणजे पंचावन्नच्या आगेमागे, आणि घरात सांगतात की ते 1957 ला मुंबईहून आणलं, ते बसतं, कारण नंबर गठ्ठ्याने दिले जायचे आणि मशीन बनल्यावर घड्याळ विकलं जाईपर्यंत एकदोन वर्षं सहज जायची. लाँजिन्सचंही तसंच, पुढे जाणारे आकडे, 1969 च्या सुमारास दीड कोटी, शिवाय कंपनीकडे जुन्या हाताने लिहिलेल्या नोंदवह्या आहेत. जुन्या रोलेक्सचा नंबर मात्र केसवर, सहाच्या बाजूला जिथे पट्टा लागतो त्या दोन शिंगांच्या मध्ये, चेन काढावी लागते. 1987 ला त्यांनी नंबरच्या आधी अक्षर लावायला सुरुवात केली आणि 2010 पासून तर नंबर कसेही विस्कळीत येतात, त्यावरून साल निघतच नाही.

म्हणून आता कोणी मला जुन्या घड्याळाचा नंबर पाठवला की मी आधी विचारतो, नंबर कुठे कोरलाय? मशीनवर असेल तर साल मशीनचं. केसवर असेल तर केसचं. झाकणावर असेल तर झाकणाचं. बाकीचे भाग त्याच्या सोबतच जन्मले होते हे वेगळं तपासावं लागतं. सिकोत निदान एवढं करा, डायलच्या खालच्या कडेचा नंबर आणि झाकणाचा नंबर यातले पहिले चार आकडे जुळतात का बघा. पुढचे चार जुळले नाहीत तर घाबरू नका, ते जुळतीलच असं नसतं, डायलचा स्वतःचा नंबर वेगळा असतो. विकणारा डायलच्या खालच्या कडेचा साफ फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच सोडून द्या. आणि तारीख खिडकीत मध्ये बसत नसेल तरी सोडून द्या.

घरात बाबांचं एचएमटी जनता आहे, बंगलोरला 1961 मध्ये सिटिझनच्या मदतीने कारखाना निघाला त्या एचएमटीचं, चावीचं, सतरा ज्वेल. त्याचं साल काढायला मला एक मिनिट लागलं नाही कारण बाबांनी बिल जपून ठेवलंय, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, 9 नोव्हेंबर 1974, दुकानाचा शिक्का आणि खाली बाबांची सही. घरात जुनं घड्याळ असेल तर त्याची डबी आणि बिल फेकू नका हो, हात जोडून सांगतो. लोक घड्याळ ठेवतात आणि कागद रद्दीत देतात.

आता मूळ घड्याळाबद्दल. दुरुस्तीचे काकांनी साडेनऊशे घेतले, त्यात पूर्ण सफाई, तेल, आणि डायलचा डिंक पेट्रोलने काढून खाली दोन बारीक गोल स्टिकर. मी म्हटलं परत चिकटवणारच ना, तर म्हणाले हे उन्हात पाघळत नाहीत आणि उद्या उघडायचं झालं तर सुटतात. खऱ्या 7009 च्या डायलसाठी सातशे सांगितले, मी नाही म्हणालो, आधीच पुष्कळ गेलेत. आणि खरं सांगायचं तर हे निळं डायल मला आवडतं, ते कुठल्या घड्याळाचं आहे हे कळल्यावरही आवडतं. काकांकडे सोडून आलो त्या दिवशी ठरवलं होतं की दुरुस्त करून विकून टाकायचं, ते आता रद्द. कारण मशीन चांगलं आहे. रोज सकाळी सातला फोनशी जुळवून बघतोय, दिवसाला बारा सेकंद पुढे, आधी चाळीस होते. वार रात्री बारानंतर नीट पलटतो. शनिवारी रात्री काढून ठेवलं आणि सोमवारी सकाळी उचललं तर चालू होतं.

तीन हजाराला मिळत असेल तर घ्या. अठ्ठेचाळीसशेला नाही.

झाकण लावायच्या आधी काकांनी ते परत भिंगाखाली धरून मला आतली बाजू दाखवली होती. आत सुईने ओरखडलेल्या दोन खुणा, घड्याळ उघडणारे लोक करून ठेवतात तशा, एक वाचता येत नाही, दुसरी 11-93. त्यावरून साल सिद्ध होत नाही, 78 चं घड्याळही 93 मध्ये दुरुस्तीला जातंच, पण कोणीतरी कुठेतरी आखातात किंवा इकडे ते झाकण हातात धरलं होतं एवढं खरं. मी काकांना विचारलं तुम्ही पण लिहाल का. त्यांनी मान हलवली, सुई घेतली आणि त्या खुणेच्या खाली बारीक अक्षरात 6-25 कोरलं आणि मग झाकण फिरवून बंद केलं.