घरशाळेचं ॲप वर्षभर वापरलं: स्वातंत्र्य मला मिळालं, लेकीला नाही

लेक नऊ वर्षांची, घरीच शिकते, म्हणून वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं. ॲपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'शिक्षणाचं स्वातंत्र्य' आणि खाली संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम २६, की मुलांना कसलं शिक्षण द्यायचं हे ठरवायचा पहिला हक्क आईबापांचा. मी भुलले.

आधी चांगलं सांगते. धडे डाउनलोड होतात, नेट गेलं तरी अडत नाही. गणित तर मस्तच, अपूर्णांक कागदाच्या घड्या घालून शिकवलेत, मी तीन महिने डोकं फोडून जे जमलं नव्हतं ते तिला दोन दिवसांत कळलं.

आता कुलूप. एक धडा संपल्याशिवाय पुढचा उघडत नाही. तिला बघायचा होता ज्वालामुखी, तो नवव्या धड्यात, आम्ही तिसऱ्यात. व्हिडिओ पुढे पळवता येत नाही, वर दर दोन-तीन मिनिटांनी 'तू आहेस ना?' असं बटण येतं, ते नाही दाबलं की धडा पहिल्यापासून! बिचारीने मातीचे प्रकार असेच ऐकले, एका हाताने बटण दाबत आणि दुसऱ्या हाताने वहीत ज्वालामुखी काढत. शाळेत निदान बाईंना 'पण का?' असं विचारता तरी येतं.

सपोर्टला लिहिलं तर म्हणे पालक सेटिंग बघा. बघितलं. कुलूप काढायची सोय नाही, पण विषय बंद करायची आहे! उत्क्रांती, इतर धर्म, शरीराची ओळख, प्रत्येकासमोर एक स्विच. खोटं कशाला बोलू, एक मीही बंद केला (कुठला ते विचारू नका). दोन दिवसांनी परत चालू केला, कारण धडा यादीतूनच गायब होतो, कुलूपसुद्धा दिसत नाही, म्हणजे असं काही असतं हेच तिला कळणार नव्हतं.

मग ते कलम २६ नीट वाचलं. आईबापांचा हक्क तिसऱ्या पोटकलमात आहे. पहिल्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं, दुसऱ्यात म्हटलंय की शिक्षणाने वेगवेगळ्या वंशांच्या, धर्मांच्या लोकांत समजूत आणि सहिष्णुता वाढायला हवी. जाहिरातवाल्यांनी सोयीचं तेवढं उचललं. १९८९ चा बालहक्क करार तर कलम १३ मध्ये माहिती शोधायचा, मिळवायचा हक्क थेट मुलालाच देतो, त्याचा कुठे पत्ताच नाही. नेदरलँड्सने १९१७ मध्ये खाजगी धार्मिक शाळांनाही सरकारी शाळांइतकाच पैसा द्यायचं ठरवलं, पण तपासणी सोडली नाही. जर्मनीत घरशाळेला परवानगीच नाही, एक कुटुंब युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेलं तर २००६ मध्ये कोर्टानेही त्यांचं ऐकलं नाही, मुलांनी समाजात मिसळायला हवं हा त्यातला एक मुद्दा. मला हे पटत नाही, मी स्वतःच घरी शिकवते ना. पण ॲपमधला मुलांचा ग्रुप बघितला आणि गप्प बसले, ज्या घरांनी एकाच विषयांचे स्विच बंद केलेत त्यांचीच मुलं एकत्र टाकतात.

पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन अपूर्णांकांचे. रिन्यूअलचे मेसेज रोज येतायत. लेकीला विचारलं परत घेऊया का, तर म्हणाली, आधी भूकंप कितव्या धड्यात आहे ते बघ.