आधी चित्र, मग सुई: सोलापुरात करून घेतलेल्या एमआरआय-फ्यूजन बायोप्सीचा अनुभव

माझ्या वडिलांचे, म्हणजे आमच्या आण्णांचे, वय ७२ असून त्यांची उभी हयात सोलापुरात यंत्रमागावर गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या विकाराचा इशारा देणारा रक्तातील घटक, ६.८ आला, तेव्हा एका रुग्णालयात प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) तुकडा काढून तपासण्यात आला, म्हणजेच बायोप्सी झाली. गुदमार्गातून सोनोग्राफीचा प्रोब घालून ठरावीक १२ जागांवरून नमुने घेतले गेले. एमआरआयचा विषयही निघाला नाही, आणि ‘कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट हाती आल्यावर आम्ही निर्धास्त झालो. यंदा पीएसए ११.२ वर गेला, म्हणून शहरातीलच दुसऱ्या एका रुग्णालयात एमआरआयच्या आधारे बायोप्सी करून घेतली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. दोन्ही रुग्णालयांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट रुग्णालय नसून पद्धत आहे.

पहिल्या बायोप्सीत काय राहून गेले, हे येथील युरॉलॉजिस्टांनी एमआरआयचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवले. सोनोग्राफीत ग्रंथीची कड स्पष्ट दिसते, परंतु आतील कॅन्सरची गाठ बहुधा आजूबाजूच्या भागातून वेगळी ओळखू येत नाही. त्यामुळे १२ सुया ग्रंथीभर विभागून घातल्या जातात आणि गाठ त्यांच्या वाटेत आली तरच सापडते. आण्णांची गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात होती, आणि गुदमार्गातून, म्हणजे मागून, जाणारी सुई तिथवर सहसा पोहोचत नाही. एमआरआयमध्ये त्या जागी एक गडद, अस्पष्ट कडांचा डाग दिसत होता. संशयाची पातळी सांगणाऱ्या पाय-रॅड्स या १ ते ५ च्या श्रेणीत त्याला ४ अंक मिळाला होता.

सुईआधी एमआरआय करण्याला भक्कम आधार आहे. इंग्लंडमधील ५७६ पुरुषांवरील प्रोमिस अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या कॅन्सरपैकी नेहमीच्या सोनोग्राफी बायोप्सीला ४८ टक्के, तर एमआरआयला ९३ टक्के ओळखता आले. पुढच्याच वर्षी आलेल्या, ५०० पुरुषांच्या प्रिसिजन अभ्यासात एमआरआयच्या मार्गाने गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांमध्ये महत्त्वाचा कॅन्सर सापडला, जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांमध्ये; शिवाय ज्यांच्यामुळे फारसा धोका नसतो असे कॅन्सर विनाकारण उघडकीस येण्याचे प्रमाण २२ वरून ९ टक्क्यांवर आले. मला हा दुसरा लाभही तितकाच मोलाचा वाटतो, कारण निरुपद्रवी गाठीचे नाव कानी पडले तरी घरातील माणसांची झोप उडते. मात्र एमआरआयमधील डाग म्हणजे कॅन्सरच असे नव्हे; जुनी सूजही तशी दिसू शकते, आणि म्हणूनच तुकडा काढावा लागतो. डॉक्टरांनी हे आम्हाला दोनदा सांगितले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

एमआरआयच्या यंत्राचा आवाज मोठा असतो, याची मला धास्ती होती. आण्णा बाहेर आले आणि म्हणाले, “मागावर चाळीस वर्षं काढली रे, हा आवाज काय करणार?” बायोप्सीच्या दिवशी रेडिओलॉजिस्टांनी एमआरआयवर आखलेली गाठीची सीमा संगणकाने चालू सोनोग्राफीवर बसवली (यालाच ‘फ्यूजन’ म्हणतात), त्यामुळे पडद्यावर ग्रंथीच्या आत रंगीत रेघेने वेढलेले नेमके लक्ष्य दिसू लागले. सुई गुदमार्गातून न घालता वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घातली. या वाटेने जंतुसंसर्गाचा धोका कमी राहतो आणि पुढचा भागही हाताशी येतो. जागेपुरतीच भूल दिली होती. प्रत्येक नमुन्याच्या वेळी स्प्रिंगचा जो आवाज होई, तो धोटा आपटल्यासारखा होता, असे आण्णांनी नंतर सांगितले. काढलेला एक तुकडा डॉक्टरांनी त्यांना दाखवला: दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा, पांढुरका, सुताच्या धाग्याएवढा बारीक. गाठीतून ३ आणि उरलेल्या ग्रंथीतून १२ असे नमुने घेऊन वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्यांत ठेवले गेले.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठीतील तिन्ही नमुन्यांत कॅन्सर निघाला, ग्लीसन ४+३ (कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणाऱ्या श्रेणीत मध्यम), आणि उरलेले बाराही नमुने स्वच्छ होते. केवळ जुन्या पद्धतीने गेलो असतो, तर या वेळीही ‘कॅन्सर नाही’ हाच कागद घेऊन घरी आलो असतो, हा विचार अजून माझा पिच्छा सोडत नाही. उपचार आता सुरू झाले आहेत.

या सेवेत उणिवा आहेत आणि त्या सुधारता येण्याजोग्या आहेत. एमआरआय आणि बायोप्सी यांचा एकत्रित खर्च लेखी कोणी दिला नाही; दुसरे बिल हाती आल्यावरच एकूण आकडा कळला. एमआरआयची सीडी मागितल्याशिवाय मिळाली नाही. वास्तविक पुढे कुठेही दुसरे मत घ्यायचे झाल्यास छापील रिपोर्टपेक्षा तीच अधिक उपयोगी पडते. सर्वांत खटकलेली बाब म्हणजे घरी जाताना दिलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता. लघवीतून काही दिवस रक्त जाईल, हे परिचारिकेने तोंडी सांगितले, पण वीर्यात काही आठवडे लालसर वा तपकिरी रंग राहू शकतो, हे संकोचामुळे कोणीच बोलले नाही. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर रात्र न काढता लगेच रुग्णालय गाठायचे, हे मीच विचारून घेतले. अक्कलकोट-बार्शीकडून आलेला रुग्ण एकटा असला, तर तो हे कोणाला विचारणार? हा कागद मराठीत करून द्यावा, असा अर्ज मी रुग्णालयाकडे दिला आहे, आणि त्यासोबत माझ्या अक्षरात लिहिलेला मराठी मसुदाही जोडला आहे.