जुना ऍम्प काढून टाकायचा की दुरुस्त करायचा? लॅमिंग्टन रोडच्या रिपेअरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं मग. घरात पंचवीस-तीस वर्षं जुनी हायफाय सिस्टीम असेल, आवाज बिघडलाय म्हणून सगळं काढून नवीन घ्यायचं मनात असेल, तर थांबा, सगळं एकदम काढू नका. ऍम्प (ऍम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा डबा) बहुतेक वेळा दुरुस्त होतो, स्पीकरही वाचतात, सीडी प्लेअरवर मात्र पैसे घालू नका. मी असंच केलंय आणि आता रोज संध्याकाळी लावतो.

आमच्याकडे बाबांनी 80च्या दशकाच्या शेवटी घेतलेला जपानी इंटिग्रेटेड (म्हणजे सगळं एकाच डब्यात) ऍम्प आहे, चॅनलला 50 वॉट, आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर, उचलताना कंबर धरते. गेल्या पावसाळ्यापासून डावा चॅनल जायचा. कमी आवाजात डावीकडून काहीच नाही, मग वॉल्यूम जरा जोरात केला की खाड करून परत यायचा आणि नंतर तासभर व्यवस्थित चालायचा. वॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर वेगळीच. घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की आता याचं वय झालं, नवीन आण. पण ही लक्षणं म्हणजे ऍम्प मेला असं नाही हो. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून टक् असा आवाज येतो ना, तो स्पीकर प्रोटेक्शनचा रिले, म्हणजे स्पीकर वाचवायला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. त्याचे कॉन्टॅक्ट वर्षानुवर्षं काळे पडतात, मग हळू आवाजातला बारीक करंट त्यातून पलीकडे जात नाही आणि जोरात केलं की जातो. मुंबईच्या दमट हवेत हे होणारच. आणि हा रिले अगदी स्वस्तातला पार्ट आहे.

तरी नवीन काय मिळतंय ते ऐकून ठरवावं म्हणून एका शोरूमलाही जाऊन आलो. चांगल्या कंपनीचा नवा इंटिग्रेटेड घ्यायचा तर 50 हजारांच्या आत-बाहेर जातातच. नव्याची बाजूही सांगायला हवी, रिमोट आहे, ब्लूटूथ आहे, टीव्हीची ऑप्टिकल वायर थेट लागते आणि गाणं नसताना स्पीकरमधून जराही सूंऽऽ येत नाही. पण तंबोरा आणि तबला लावून ऐकलं तेव्हा आमच्या ऍम्पच्या चांगल्या दिवसांपेक्षा काही फार पुढचं ऐकू आलं नाही. एक गोष्ट नक्की करा, दोन ऍम्प ऐकताना दोन्हींचा वॉल्यूम सारखा करून मागा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्या कानाला जास्त छान वाटतो, आणि मग तोच घरी येतो.

आता मूळ रिव्ह्यू. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला लागलं की आतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर हे रिपेअरवाले काका बसतात. जागा एवढीशी, जिन्यापासूनच उघडे टेप आणि ऍम्प रचलेले. नाव देत नाही, काका एकटेच आहेत आणि आधीच कामाखाली दबलेत. दुपारी लोकलला गर्दी नसते तेव्हा लगेजच्या डब्यातून ऍम्प नेला.

काकांची पद्धत मला फार आवडली. ऍम्प थेट मेनवर लावलाच नाही, आधी सिरीज बोर्डवर लावला, म्हणजे वाटेत बल्ब असतो, आत काही शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि ऍम्प जळत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तेव्हाच म्हणाले, "पॉवर सप्लाय शाबूत आहे, घाबरू नका." मग स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज, जी स्पीकरला जायला नको) किती येतोय ते बघितलं, दोन्हीकडे 20-30 मिलिव्होल्टच्या आत. हा आकडा 50च्या वर नसावा, व्होल्टमध्ये गेला तर वूफरची (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) कॉइल जाते. एवढं झाल्यावर खर्च सांगितला, तोही कागदावर लिहून. मी विचारलं, "काका, तुमचा स्वतःचा असता तर काय केलं असतं?" तर म्हणाले, "ठेवला असता. यात आयसी नाही, म्हणजे सगळं एका चिपमध्ये नाही, सुटे ट्रान्झिस्टर आहेत, काहीही मिळतं."

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, आपल्या ऍम्पच्या आत काय आहे त्यावर सगळं ठरतं. त्या काळातल्या पुष्कळ ऍम्पमध्ये एसटीके सीरिजचे मोठे आयसी असायचे. ते आता बनत नाहीत आणि बाजारात नकली भरलेत, तसा आयसी उडाला असेल तर मी तरी दुरुस्तीच्या मागे लागणार नाही. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तरी तेच.

काम काय झालं? रिले नवा, वॉल्यूम आणि टोनचे कंट्रोल खास कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतले (घरी गंजावर मारायचा स्प्रे यात मारू नका, तो कंट्रोलच्या आतलं ग्रीस धुऊन टाकतो), दोन-चार ठिकाणी ड्राय सोल्डर (सैल पडलेला जोड) होतं ते परत केलं आणि पॉवर सप्लायचे कंडेन्सर (वीज साठवणारे पार्ट) बदलले. जुने 85 डिग्रीपर्यंतची उष्णता सोसणारे होते, नवे 105 डिग्रीचे टाकले. कंडेन्सरच्या आतलं द्रव उष्णतेने सुकत जातं, तापमान 10 डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं असा हिशोब आहे, म्हणून काकांनी निक्षून सांगितलं की ऍम्प काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका, वर चार बोटं जागा सोडा आणि पावसाळ्यात वापर नसला तरी अधूनमधून तासभर चालू ठेवा, आतली ओल जाते.

बिल साडेसहा हजार. काढलेले पार्ट पिशवीत घालून परत दिले, हे मला सगळ्यात विश्वासाचं वाटलं.

तक्रारीही आहेत. वेळेचा काही भरवसा नाही, सांगितलेल्या तारखेनंतर बरंच थांबावं लागलं आणि फोन दुपारनंतरच उचलतात. पक्कं बिल नाही, गॅरंटी तोंडी. पार्किंगचं तर नावच काढू नका. रविवारी तो रोड बहुतेक बंदच असतो.

सीडी प्लेअरही नेला होता. लेझर थकलाय, डिस्क वाचताना अडकतो. काका म्हणाले पिकअप (लेझरचा पार्ट) मिळेल पण ओरिजिनल मिळेल याची खात्री देत नाही. मग तो नाद सोडला, तेवढ्या पैशात एक छोटा स्ट्रीमर (नेटवरची गाणी वाजवणारा डबा) घेतला आणि ऍम्पच्या ऑक्समध्ये (बाहेरचं यंत्र जोडायच्या सॉकेटमध्ये) लावला. ब्लूटूथची हौस तिथेच फिटली.

चोर बाजारातून जुना जपानी ऍम्प घ्यायचा बेत असेल तर मागे 100 व्होल्ट लिहिलंय का ते आधी बघा. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असते, आपल्या 230 ला तसाच लावला तर संपला.

राहिले स्पीकर. वूफरच्या कडेला रबर असेल तर निश्चिंत राहा, फोम असेल तर बोट हलकेच लावून बघा, आपल्या हवेत तो चिकट होऊन भुगा होतो. आमचा उजवा गेलाय, डावा जायच्या बेतात आहे. कोन आणि कॉइल चांगली असेल तर फक्त फोमची रिंग बदलते, स्पीकर टाकायची गरज नसते, पण हे काम काका करत नाहीत. दोन्ही बाजूंची रिंग एकदमच बदलून घ्या असं मात्र त्यांनी आवर्जून सांगितलंय, नाहीतर डावा-उजवा बेस वेगवेगळा येतो. गणपती झाले की तेच करून घेणार आहे, दादर ते ठाणे पट्ट्यात कुणी चांगलं करत असेल तर जरूर सांगा.