आपल्याच गाडीत कोंडलेला मालक

गाडी ताब्यात आली तो आठवडा चांद्रयान-3 चंद्रावर उतरल्याचा, म्हणजे 2023 चा ऑगस्ट. पेंटरनं विचारलं, कपाळावर काय लिहायचं? आईची कृपा, रेणुकामाता, सगळं गल्लीत आधीच होतं. नात म्हणाली चांद्रयान, तर चांद्रयान. दहाचाकी ट्रक, 28 टनी, मालासकट. त्या दिवसापासून लातूरच्या मोंढ्यात हमाल मला ‘कॅप्टन’ म्हणायला लागले. चेष्टेनं, पण बरं वाटायचं.

त्याच गाडीत गेल्या नोव्हेंबरच्या एका रात्री मी हात बांधलेल्या अवस्थेत पडून होतो, आणि मी तिचा मालक आहे हे कुणाला पटत नव्हतं. ज्यांच्या गाड्या ड्रायव्हरच्या भरवशावर रात्रभर फिरतात त्यांनी हे वाचावं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

आमचे जुने ड्रायव्हर मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, तिथून हे सुरू झालं. हंगाम तोंडावर. सोयाबीन निघालेलं, गाडी उभी ठेवली तर हप्ता कोण भरणार? एका दलालानं फोनवरच दुसरा माणूस दिला. लायसनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मी फोटो बघितला, नंबर बघितला नाही. परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर तो नंबर आणि जन्मतारीख टाकली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं की लायसन अवजड वाहनाचं नाहीच, आणि नावही दुसऱ्याचं. हे मला पुढं पोलिसांनी दाखवलं. मोंढ्यात गाडी लावणं, भरणं हे सगळं मुनीम बघायचे. मी त्या माणसाला समोरासमोर कधी भेटलोच नाही.

लातूरहून धुळ्याच्या बाजूला एका तेल कारखान्याला माल जायचा. पहिल्या तीन खेपांना वजन जवळपास बरोबर भरलं. तक्रार वेगळीच होती. इथून निघताना ओलावा दहा टक्के, तिथं तेरा-साडेतेरा. शिवाय खाली बारीक खडी. कारखान्यानं व्यापाऱ्याचे पैसे कापले, व्यापाऱ्यानं माझं भाडं कापलं. ड्रायव्हरला फोन केला तर म्हणाला, “शेठ, रात्रीचं दव पडतंय.” ताडपत्रीखाली दव!

ही चोरी कशी होते ते नीट सांगतो, कारण ती काट्यावर सापडत नाही. वाटेत गाडी आत घ्यायची, आठ-दहा पोती उतरवायची, उरलेल्या पोत्यांवर पाइपानं पाणी मारायचं, तळाला थोडी खडी. पाच क्विंटल माल गेला, पाच क्विंटल पाणी आणि खडी आली. काटा खूश. पाच क्विंटलचे तेव्हाच्या भावानं एकवीस-बावीस हजार होतात, एका खेपेचे. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला, दोनशे किलोमीटरमागं एक दिवस मिळतो, म्हणजे एवढ्या पल्ल्याला तीन दिवस. एका रात्रीत पोहोचणारी गाडी कुठं थांबली हे मधे विचारणारं कुणी नाही. माझ्या गाडीला जीपीएस होतं, पण ॲप उघडून बघायचा कंटाळा. मामांच्या काळात गरजच पडली नाही.

मला सुचायला काय हवं होतं? स्थानिक गुन्हे शाखेत जाऊन अर्ज द्यायचा. सुचलं काय? म्हटलं, हा मला ओळखत नाही, मीच क्लीनर होऊन जातो. रंगेहाथ धरतो. बायको म्हणाली, “वय काय तुमचं?” अठ्ठावन्न. पंधरा दिवस दाढी वाढवली. चष्मा घरी ठेवला. मुलाचा जुना टी-शर्ट, डोक्याला उपरणं, पायात फाटकी चप्पल. आधार, लायसन, पाकीट, सगळं कपाटात. मुनिमांनी ड्रायव्हरला सांगितलं, हा बाबू, गावाकडचा आहे, बोलत कमी. आरशात बघून मला माझंच कौतुक वाटलं होतं हेही कबूल करतो.

ओळखपत्र कपाटात ठेवलं ही ती चूक. पण ते नंतर.

संध्याकाळी गाडी भरली, काटापावती घेतली, निव्वळ 18 टन 600 किलो. मुरूड, ढोकी करत दहाच्या सुमारास येडशीला महामार्गाला लागलो. येरमाळ्याला त्यानं येडेश्वरीच्या दिशेनं स्टेअरिंगवरूनच हात जोडले. मीही जोडले. मनात आलं, बरा वाटतोय की माणूस. तेरखेडा गेलं. पारगावच्या टोलनाक्यावर दांडी वर झाली, गाडी पुढं निघाली, आणि माझ्या खिशात टिंग वाजलं.

फास्टॅगचा मेसेज. गाडीचा नंबर, कापलेली रक्कम, टोलनाक्याचं नाव. तो मालकाच्या मोबाइलवर येतो, आणि मालकाचा मोबाइल क्लीनरच्या खिशात होता. मी दाढीचा विचार केला, चपलेचा केला, बोलीचा केला. याचा नाही.

त्यानं नुसतं बघितलं. मांजरसुंब्याला जेवलो, त्यानंच पैसे दिले, “खा बाबूभाऊ” म्हणाला. बीडचा वळणरस्ता झाला. पाडळसिंगीच्या नाक्यावर गाडी दांडीखालून निघते न निघते तोच पुन्हा टिंग. त्यानं डाव्या हातानं सरळ माझ्या खिशातून मोबाइल काढला. पडद्यावर आमच्याच गाडीचा नंबर.

“क्लीनरच्या मोबाइलला टोलचा मेसेज कामून येतो रे?”

मी म्हणालो, शेठनं जुना मोबाइल दिलाय. तो हसला. नंतर बराच वेळ बोलला नाही, एक फोन केला, त्यात फक्त “पाहुणे सोबत हैत” एवढंच म्हणाला. गेवराईच्या पुढं गाडी महामार्ग सोडून आत वळली. कुठं, ते मला सांगता येत नाही. पाट्या होत्या, पण चष्मा लातूरला.

कालव्याच्या कडेला एक पत्र्याचं शेड. पिकअप आणि पाण्याचा टँकर आधीच उभे. आणखी तिघं. मला त्यांनी फार मारलं नाही, खोटं कशाला सांगू. ताडपत्री आवळायची माझीच नायलॉनची रस्सी घेतली, हात मागं बांधले आणि ड्रायव्हरच्या सीटमागच्या झोपायच्या फळीवर टाकलं. पडदा ओढला. निळा, फुलांचा, बायकोनं पसंत केलेला. मोबाइलचा लॉक आणि पैसे पाठवायचा पिन विचारला. पहिल्यांदा नाही सांगितला, दुसऱ्यांदा सांगितला. त्या रात्री खात्यातून दोन वेळा मिळून अठ्ठेचाळीस हजार गेले.

मग पोती पडायला लागली. पडद्याआडून दिसत काही नव्हतं, नुसतं धप्प, धप्प. आधीच्या खेपांना आठ-दहा नेत असतील. आज मालकच हाती लागलेला, आता हात आखडून काय करायचं? सत्तरपर्यंत मोजलं. एका बाजूला पिकअप भरत होती, दुसऱ्या बाजूला टँकरचं पाणी माझ्या डोक्यामागं फळीपलीकडं झरझर वाजत होतं. माझी गाडी, माझं डिझेल, माझी रस्सी, आणि माझ्या हप्त्यावर चोरांची नाइट शिफ्ट.

पहाटे एक ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर बायका-लेकरं, भांडी, कोंबड्या. ऊसतोडीला निघालेली टोळी. बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर अशा कितीतरी जातात. रस्त्यात पिकअप आडवी होती म्हणून थांबले. मी जीव खाऊन ओरडलो, “वाचवा, मी गाडीचा मालक आहे!” मुकादम चढून वर आला, पडदा बाजूला केला, टॉर्च मारला. काय दिसलं असेल त्याला? दाढी, फाटका टी-शर्ट, बांधलेले हात. ड्रायव्हर खालून म्हणाला, “क्लीनर हाय, दादा. माल विकताना धरलाय. दिवस उगवला की ठाण्यात नेतो.” मुकादमानं माझ्याकडं बघितलं, “मालकाचं खाऊन मालकाचीच चोरी करतो?” आणि कानाखाली एक ठेवून दिली.

त्याला मी दोष देत नाही. कागद मागितला असता तर माझ्याकडं काय होतं? चोराच्या खिशात निदान लायसन तरी होतं. खोटं का असेना.

ट्रॅक्टर गेला. त्यानंतरचा तास कसा गेला ते लिहीत नाही.

सुटका झाली ती माझ्या आळसामुळं. मला बीपीची गोळी आहे, बायको रोज सकाळी सहाला मेसेज करून विचारते. तिचा मेसेज आला, यांनी माझ्या मोबाइलवरून उत्तर दिलं, ‘हो, घेतली. सर्व ठीक आहे.’ शुद्ध, पूर्णविरामासकट. मी उभ्या आयुष्यात मेसेज टाइप केलेला नाही. मी बोलून पाठवतो, तेही अर्धं खोकत. तिनं मुलाला उठवलं, “हे तुझ्या बापानं लिहिलेलं नाही.” मुलानं जीपीएसचं ॲप उघडलं. गाडी चार तास कालव्याच्या कडेला. त्यानं 112 ला फोन लावला.

पोलीस आले तेव्हा पिकअप निघून गेली होती, ड्रायव्हर आणि एक जण सापडला. मला मोकळं केलं आणि बसवलं कुठं, तर त्या दोघांच्याच शेजारी. ड्रायव्हर मला चोर म्हणत होता, मी त्याला. मुलानं माझा फोटो पाठवला: सफारी, चष्मा, गुळगुळीत हनुवटी. हवालदारानं फोटो माझ्या तोंडाजवळ धरला, मान हलवली. शेवटी मी म्हणालो, साहेब, चेसिसवरचा नंबर वाचा, मी तोंडपाठ सांगतो. विम्याच्या, कर्जाच्या, परमिटच्या फॉर्मवर इतक्यांदा लिहिलाय की झोपेत सांगेन. एक जण टॉर्च घेऊन चाकाजवळ वाकला. मी आकडे म्हणत गेलो, तो “हां... हां...” करत गेला. शेवटचे पाच आकडे जुळल्यावर हवालदारानं मला खुर्ची दिली आणि “चहा घेणार का, शेठ?” म्हणाला. तिथं मला रडू आलं.

पुढचं थोडक्यात. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 (3) खाली, म्हणजे वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार. शिवाय कोंडून ठेवल्याचं कलम. पैसे गेल्याचं 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच सकाळी कळवलं म्हणून अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस हजार पुढच्या खात्यात गोठले. बाकीचे गेले. दलालाचा नंबर बंद. वाहनाचा विमा होता, मालाचा वेगळा काढावा लागतो हे मला तेव्हा कळलं, तो नव्हता. व्यापाऱ्याचे पैसे मी फेडतोय.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: चोरी पकडली गेली की तुमची गाडीच मुद्देमाल होते. कोर्टातून सुपूर्दनाम्यावर सुटेपर्यंत ती ठाण्याच्या आवारात. हप्ता मात्र थांबत नाही.

आता दलालामार्फत माणूस घेत नाही. घ्यावाच लागला तर लायसन नंबर टाकून तपासतो, आधीच्या मालकाशी बोलतो, माणूस समोर बसवून चहा पाजतो. भरल्यावर ताडपत्रीच्या गाठींचा फोटो मुनीम काढतात आणि उतरवणाऱ्याला पाठवतात. ओलाव्याची पावती वजनाच्या पावतीला जोडलेली. फास्टॅगचा मेसेज बायकोच्या मोबाइलला येतो. दोन नाक्यांमध्ये वेळ जास्त लागला की ती विचारते, तिला कंटाळा येत नाही. आणि कुणाला वेषांतराची हौस आलीच, तर गुन्हे शाखेला सांगून जा, खरं ओळखपत्र चपलेत का असेना पण जवळ ठेवा.

गाडी सतराव्या दिवशी सुटली. आणायला मामा आले होते, डोळ्याला काळा चष्मा. ठाण्याच्या आवारात लांबूनच आंबूस वास येत होता. मामांनी ताडपत्रीची गाठ सोडली, कोपरा उचलला आणि तसेच उभे राहिले. टँकरचं पाणी आणि वरून ऊन. वरच्या पोत्यांच्या विणीतून पांढरे कोंब बाहेर आले होते, काहींना दोन-दोन पानं.

“मालक,” मामा म्हणाले, “पेरणी बरी साधली.”