रिंग स्लिंग: लेकीनं बाबाच्या कडेवर यावं म्हणून घेतलेलं कापड

पुण्याहून लेकीला घेऊन आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरी आलो ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ती तेव्हा १४ महिन्यांची होती, वजन ७ किलो ६०० ग्रॅम. आम्ही दोघंही मराठी आणि लेक पुण्याच्या संस्थेतली, तरी अमेरिकेच्या हिशेबानं ही परदेशातून घेतलेली दत्तक मुलगी. त्यामुळे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-८००चा अर्ज, कारा म्हणजे भारत सरकारच्या दत्तक प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराच्या कलम २३ खालचं प्रमाणपत्र, दत्तक मुलाचा आयएच-३ व्हिसा, सगळं रांगेनं करावं लागलं. कागद मी सांभाळत होतो आणि एकही राहिला नव्हता. घरी आल्यावर पहिल्याच रात्री कळलं की माझी मुलगी माझ्याकडे येत नाही.

बायकोकडे ती संस्थेतच दुसऱ्या दिवशी गेली होती. मी हात पुढे केले की ती रडायची नाही. रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं. ती ताठ व्हायची. पाठ फळीसारखी, दोन्ही मुठी आवळलेल्या, श्वास धरलेला, आणि नजर माझ्या कानाच्या मागे कुठेतरी लावलेली. मी खाली ठेवेपर्यंत ती तशीच राहायची.

दत्तक एजन्सीच्या सोशल वर्कर बाईंनी कारण सांगितलं. संस्थेत भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या, झोपवणाऱ्या सगळ्या मावश्या. पुरुष दिसायचा तो बहुतेक डॉक्टर, म्हणजे सुई. त्यात मी दाढीवाला आणि आवाजानं जड. दाढी मी दुसऱ्या दिवशी काढली, त्यानं फरक पडला नाही. बाई म्हणाल्या, "बाळाला अंगाशी बांधून घेऊन घरात नुसतं फिरा. तिनं तुमच्याकडे बघावं असा आग्रह धरू नका."

म्हणून हे लिहितोय. बाळ बांधायच्या वस्तूंबद्दल मला जे सापडलं ते जवळपास सगळं तान्ह्या बाळाच्या आईसाठी लिहिलेलं होतं. वर्षाच्या पुढचं मूल आणि त्याला अजून अनोळखी असलेला बाप, यांच्यासाठी काहीच नव्हतं.

आधी आम्ही बकलांचं कॅरियर आणलं होतं, कमरेला जाड पट्टा आणि पाठीमागे क्लिप असलेलं. वस्तू म्हणून दणकट, पण आमच्या कामाची नाही. त्यात बाळाची छाती आपल्या छातीला पूर्ण टेकते आणि दोन्ही बाजूंनी पट्टे आवळले जातात. तिला तोंड फिरवायला जागाच उरली नाही. क्लिपचा खट्ट आवाज झाला तशी ती पुन्हा ताठ झाली. मी दोन मिनिटांत तिला बाहेर काढलं आणि कॅरियर परत पाठवलं.

मग ही रिंग स्लिंग मागवली. घरगुती बनवणाऱ्या एका बाईंकडून, ९० डॉलरला. असं कापड बरेच जण शिवतात, म्हणून नाव देत नाही, काय बघून घ्यायचं ते सांगतो. सुती आणि लिनन मिसळलेलं एकच लांब कापड, पन्ना साधारण ३० इंच, लांबी दोन वारांहून थोडी जास्त. एका टोकाला चुण्या घालून दोन ॲल्युमिनियमच्या कड्या शिवलेल्या. दुसरं टोक पाठीवरून काखेखालून पुढे आणायचं, दोन्ही कड्यांतून घालायचं आणि एका कडीवरून परत फिरवून खाली ओढायचं. झाली झोळी. उरलेलं कापड पदरासारखं समोर लोंबतं. बाळ कडेवर बसतं, आणि आपला हात जिथे असतो तिथे कापड येतं.

बांधायला मला साताऱ्याहून आईनं शिकवलं, व्हिडिओ कॉलवर. सोबत आलेल्या पुस्तिकेत तीन आठवड्यांचं बाळ आणि बारीक अंगाची आई एवढीच चित्रं होती. माझे खांदे रुंद, त्यामुळे कड्या गळ्याशी यायच्या. आई म्हणाली, "अरे, कड्या खांद्याच्या खाली, कॉलरच्या हाडापाशी घे. आणि खालचा काठ तिच्या गुडघ्यापर्यंत ओढ. बसली पाहिजे ती, लोंबकळायला नको." एका वाक्यात सगळं आलं. कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेपर्यंत पोचलं पाहिजे आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर राहिले पाहिजेत. वरचा काठ काखेपर्यंत. तोंड कायम दिसलं पाहिजे, हनुवटी छातीला चिकटता कामा नये, आणि मान जरा खाली केली की तिच्या कपाळाची पापी घेता आली पाहिजे. आईनं मला असंच सुती साडीत बांधून शेतातून फिरवलंय, तिला पुस्तिका लागली नाही.

पहिले पाच दिवस तिला स्लिंगमध्ये घेतलं ते तीन-चार मिनिटं, दिवसातून कितीतरी वेळा. कडेवर असल्यामुळे ती माझ्यापासून तोंड फिरवून खोली बघू शकायची. माझ्या मते या वस्तूचं खरं मोल इथे आहे. अंग जवळ, पण नजर तिची तिच्याकडे. तिला पदर सापडला. पदराचं टोक तोंडात धरून ती खिडकीकडे बघत राहायची, आणि मी बोलत नव्हतो.

रात्री मात्र मोठी परीक्षा होती. नोव्हेंबरात पुणे आमच्यापेक्षा साडेदहा तास पुढे असतं. इथे रात्रीचा एक वाजला की तिथे साडेअकरा, म्हणजे तिची वरणभाताची वेळ. ती टक्क जागी असायची आणि तिला खरीखुरी भूक लागलेली असायची. ती भूक आम्ही नाकारली नाही. साडेबाराला कुकर लावायचा, मऊ भात, हिंग-हळदीचं वरण, थोडं तूप. जेवणाची वेळ रोज अर्ध्या तासानं सरकवली, तेवीस दिवस लागले. न्यू जर्सीत दत्तक मुलासाठीही १२ आठवड्यांची पगारी फॅमिली लीव्ह मिळते, ती मी पूर्ण घेतली होती, म्हणून हे जमलं. भरवायचं बायकोनं आणि नंतर फिरवायचं मी, असं ठरलं.

सहाव्या रात्री पावणेतीनला मी तिला घेऊन ओट्यापासून खिडकीपर्यंत चकरा मारत होतो. पदर नेहमीसारखा तिच्या मुठीत. एका वळणावर पदर सुटून माझ्या गुडघ्यावर आपटला. मी खाली पाहिलं तर मूठ उघडी होती. मग तिची पाठ सैल झाली, आधी कमरेतून, मग खांद्यांतून, आणि डोकं माझ्या दंडावर आलं. सात किलोचं ओझं एकदम दहाचं झालं. मी सव्वाचारपर्यंत थांबलो नाही. थांबलो तर जागी होईल अशी भीती होती, आणि मला थांबायचंही नव्हतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा ताठ होती. पण स्लिंग अंगावर चढवताना ती बघायला लागली आणि आठवड्याभरात कड्यांचा आवाज ऐकून रांगत यायला लागली.

पाहुण्यांचा प्रश्नही या कापडानं सोडवला. एडिसनमध्ये आपली माणसं भरपूर, प्रत्येकाला बाळ घ्यायचं असतं आणि त्यात मायाच असते. पण संस्थेतल्या मुलाला हात बदलायची सवय असते. ते कोणाकडेही जातं आणि लोक म्हणतात, किती गोड, किती माणसाळलेली. आमच्यासाठी ती काळजीची गोष्ट होती. आपली माणसं कोणती हे तिला आधी कळायला हवं होतं, म्हणून सुरुवातीचे महिने उचलणं, भरवणं, झोपवणं फक्त आम्ही दोघांनी केलं. बाळ बांधलेलं असलं की समोरचा हात पुढे करत नाही, आणि "नको" म्हणायची वेळ येत नाही.

आईला मात्र "नको" म्हणावं लागलं. ती जानेवारीत आली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी आजी आहे तिची, पाहुणी नाही." मला उत्तर सुचलं नाही. मग आम्ही वाट काढली. स्लिंग धुणं, वाळवणं, घडी करणं हे काम आईनं घेतलं, आणि मी लेकीला बांधून आईशेजारी बसायचो. लेक पदर आईकडे द्यायची, आई परत करायची. मार्चमध्ये लेक स्वतःहून तिच्या मांडीवर गेली.

डॉक्टरकडेही स्लिंग उपयोगी पडली. परदेशातून आलेल्या बाळाच्या तपासण्या लांबलचक असतात. हिमोग्लोबिन, शिसं, क्षय, हेपटायटिस, थायरॉइड, शौचाची तपासणी, शिवाय पुण्यात दिलेल्या लसींची पडताळणी. रक्त घेईपर्यंत ती माझ्या अंगावरच होती. आणि एक सांगून ठेवतो: तिच्या कमरेवर जन्मजात निळसर-काळे डाग आहेत, आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतात. ते फाइलमध्ये लिहून घ्या. इकडे पाळणाघरात ते मार लागल्याचे वण समजले जाऊ शकतात.

आता उणिवा. वजन एकाच खांद्यावर येतं, त्यामुळे रोज बाजू बदलावी लागते, आणि मी पंधरा दिवस बदलली नव्हती म्हणून मान धरली होती. लिनन सुरुवातीला कडक असतं. आमचं चार धुण्यांनंतर आणि इस्त्रीनंतर कड्यांतून सरकायला लागलं. कापड कडीत गोळा झालं तर एक काठ ढिला राहतो, म्हणून प्रत्येक वेळी पट्टी पसरून काठ वेगवेगळे ओढा. थंडीचं जाकीट घालून बांधू नका, आधी बाळ बांधा आणि वरून जाकीट घाला. गॅसपाशी उभं राहताना नको. गाडीत नको, तिथे कार सीटच. वाकायचं तर गुडघ्यातून. आणि आपल्याला डुलकी लागत असेल तर तिला काढून पाळण्यात ठेवा, पहाटे तीनला हे स्वतःला बजावून सांगावं लागतं.

अमेरिकेत विकायच्या स्लिंगना २०१८पासून एएसटीएम एफ२९०७ हे सुरक्षा मानक सक्तीचं आहे, तसं लेबल आहे ना ते बघा. कड्या जोड नसलेल्या हव्यात. घरची जुनी साडी आणि हस्तकलेच्या दुकानातल्या कड्या आणून स्वतः शिवायचा विचार आमच्या मनात आला होता. त्या कड्यांना डाग दिलेला जोड असतो आणि तो वजनानं उघडू शकतो, शिवाय पातळ साडी कडीत टिकत नाही. साडीची झोळी घरात टांगायची ती टांगा, अंगावर हेच कापड घ्या. आमची ३५ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण १६ किलोपर्यंत चालते. रंग मी गडद निळा घेतला, त्यावर वरणाचे डाग दिसतात. हळदीच्या रंगाचं घ्या.

काराकडे जाणारा पाठपुराव्याचा अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी द्यायचा असतो, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. फेब्रुवारीतल्या पहिल्या अहवालाला फोटो जोडायचा होता. बायकोनं जो निवडला त्यात मी ओट्यापाशी पाठमोरा आहे, खांद्यावर निळं कापड, आणि माझ्या दंडाच्या वरून लेक कॅमेऱ्याकडे बघतेय.

ती आता १९ महिन्यांची, ९ किलोच्या पुढे. चालते, त्यामुळे कडेवर फार तर वीस मिनिटं टिकते. संध्याकाळी मी कामावरून आलो की खुंटीखाली जाऊन पदर ओढते आणि कड्या जमिनीवर खणखणत माझ्यापर्यंत आणते.