शाळेसाठी पाणी तपासणीचा किट घेताय? आमचा अनुभव वाचा

आमच्या हायस्कूलने पाणी तपासायचा पेटीवाला फील्ड किट घेतला, पीएच, हार्डनेस, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, क्लोरीन आणि जंतू तपासायच्या छोट्या बाटल्या असं सगळं त्यात येतं. मी विज्ञान शिकवते आणि नववीची पोरंच हा किट हाताळतात, म्हणून त्यांच्या हिशोबाने लिहितेय.

सगळ्यात भारी म्हणजे ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर लगेच पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं. पाणी पिवळं झालं नाही की पोरं वहीत तारीख टाकून लिहितात आणि थेट ग्रामपंचायतीत जाऊन विचारतात, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं का? मोठ्या माणसांनी विचारलं तर टोलवतात, पण नववीची मुलगी वही उघडून उभी राहिली की उत्तर द्यावंच लागतं.

दुसरं, एचटूएस बाटली, म्हणजे तीच जंतू तपासायची. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावून उबदार जागी ठेवायचं, 24 ते 48 तासांत काळी पडली तर समजायचं मैला मिसळतोय. शोषखड्ड्याजवळच्या हातपंपाची बाटली शाईसारखी काळी झाली तेव्हा वर्गात पिन ड्रॉप शांतता होती, कारण निम्म्या पोरांच्या घरी तेच पाणी. काळी बाटली तशीच फेकू नका हं, आधी ब्लीचिंग पावडर घालून ठेवा, आणि हे काम शिक्षकांनीच करावं.

आता नाराजी. नायट्रेटचा कलर चार्ट अगदीच फिका आहे, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची आणि नेमक्या त्याच्या आसपासच्या दोन गुलाबी छटा सारख्याच दिसतात, ट्यूबलाईटखाली एक आणि उन्हात भलतंच. म्हणून आम्ही दोन मुलांना वेगवेगळं वाचायला लावतो, जुळलं नाही तर परत. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, ते पोरांनीच मराठीत करून पेटीच्या झाकणाला चिकटवलंय. रिएजंटची (तपासणीच्या रसायनांची) एक्सपायरी घेतानाच बघा, आम्हाला आलेल्या दोन बाटल्यांची मुदत जेमतेम उरली होती.

फ्लोराईड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर दिसलं तर किटवर थांबू नका, नमुना जिल्ह्याच्या लॅबला पाठवा. जवळ सीनियर कॉलेज असेल तर केमिस्ट्रीच्या मुलांकडून हार्डनेस आणि क्लोराईडचं टायट्रेशन (थेंब थेंब रसायन टाकून नेमकं मोजणं) करून घ्या, आमचे आकडे तसेच पडताळले. घ्यायचा असेल तर रिफिल वेगळं मिळतं का हे आधी विचारा, नाहीतर दुसऱ्या वर्षी पेटी कपाटात जाते.