सायकलला ८० सीसीचं किट: आठ महिन्यांनंतर, आणि कार्ब्युरेटरमागचे ते चार मिलिमीटर

मंगळवारी रात्री साडेअकराला इंजिन बसवलेल्या सायकलवरून नदीकाठच्या पाण्याच्या पंपाकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत इंजिननं एकदम उचल खाल्ली. थ्रॉटल पूर्ण सोडला तरी रेस उतरेना. क्लच दाबला तर आवाज आणखीच चढला. किल स्विच दाबून बंद केलं, टॉर्च मारून पाहिलं, तर कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर, म्हणजे त्याला इंजिनाशी जोडणाऱ्या आखूड नळीवर, सैल होऊन हलत होता. किट बसवल्यापासून ही तिसरी खेप. पहिल्या महिन्यात मी या किटबद्दल ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फार चांगलं सांगितलं होतं, त्यामुळे आता उरलेलंही सांगणं भाग आहे.

किट तेच, साध्या सायकलला बसवायचं दोन स्ट्रोकचं पेट्रोल इंजिन, सगळ्यांनी पाहिलेलं. ८० सीसी म्हणून विकतात. बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३८ मिमी, म्हणजे हिशेबानं ६६ सीसीच भरतात. मला तेवढे पुष्कळ आहेत. मी कोल्हापूरजवळ मळ्यात राहतो. घरापासून पंप सव्वा किलोमीटर, मधली सगळी जमीन भावकीची. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की दोन-तीन फेऱ्या होतात, आणि बांधावरून मोटरसायकल नेण्यात अर्थ नाही. रस्त्यावर मी ही सायकल काढत नाही, तुम्हीही काढू नका. इंजिन २५ सीसीच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याच्या लेखी ते वाहन ठरतं, नोंदणी लागते.

किट बसवलं ते मुलाच्या जुन्या रेंजर सायकलला. चाक २६ इंची, फ्रेम १८ इंची, दांडी मागे उतरती. या किटचा कार्ब्युरेटर सिलिंडरच्या मागे, म्हणजे सिलिंडर आणि सीटखालची नळी यांच्या बेचक्यात बसतो. माझ्या फ्रेममध्ये तिथं जागाच नव्हती. कार्ब्युरेटर थोडा फिरवून बसवावा तर खालची पेट्रोलची वाटी तिरकी होते, पेट्रोल रोखणारा आतला तरंगता फ्लोट नीट चालत नाही आणि पेट्रोल वाहतं. सरळ ठेवावा तर वाटी नळीला टेकते. मी टेकवूनच बसवलं. दोन आठवड्यांनी पाहिलं तर नळीवरचा निळा रंग अंगठ्याएवढा उडालेला, खालचं लोखंड आरशासारखं घासून निघालेलं, आणि वाटीच्या कडेला करडी पूड साचलेली.

नुसतं घासण्यानं काही बिघडलं नसतं. पण इंजिन हादरतं, वाटी नळीवर आपटते, त्या धक्क्यानं मॅनिफोल्डवरचा क्लॅम्प ढिला होतो आणि जोडातून हवा आत जाते. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण पातळ पडतं, रेस आपोआप वाढते, सिलिंडर तापतो. दोन स्ट्रोकमध्ये पिस्टनला तेल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे असं पातळ चालवत राहिलात तर पिस्टन धरलाच, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकलाच, म्हणून समजा. चालू इंजिनवर जोडाभोवती थोडं ऑइल सोडून बघा. रेस खाली आली की हवा तिथूनच घेतंय हे नक्की.

विक्रेत्याशी माझी यावरून तीन वेळा वादावादी झाली. तो म्हणे, "साहेब, फ्रेम तुमची, किटमध्ये दोष नाही." मी म्हणालो, खोक्यावर तुम्हीच 'कुठल्याही सायकलला बसते' असं छापलंय. त्यावर फोन बंद. साडेअकरा हजार मोजलेल्या माणसाला असं उत्तर मिळाल्यावर संताप येणारच. तेव्हा एवढ्यावरच हे किट वाईट असा शिक्का मारून मी मोकळा झालो असतो.

दुसऱ्या महिन्यात मागच्या माउंटमध्ये, म्हणजे इंजिन सीटच्या नळीला आवळतात तिथं, जुन्या टायरच्या रबराची ८ मिमी पॅकिंग घातली आणि इंजिन पुढे सरकवलं. कार्ब्युरेटर नळीपासून चार मिमी सुटला. पण पुढची तिरकी नळी आणि सीटची नळी खाली एकत्र येतात, त्यामुळे या बेचक्यात इंजिन पुढे घ्यायचं म्हणजे वर उचलावं लागतं. हेड दांडीला भिडलं. प्लग काढायचा तर सगळं इंजिन ढिलं करा! आणि रबर दाबलं जातं, हे मी धरलंच नव्हतं. सहा महिन्यांत ते चेपून पातळ झालं, चार मिमी गेले, आणि मंगळवारची रात्र उजाडली.

बुधवारी कोल्हापुरात, कारखान्यांच्या उद्यमनगरात, लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी इंजिनाकडे पाहिलंच नाही. व्हर्नियर घेऊन फ्रेम मोजली आणि म्हणाले, "जागा नसताना कशाला बसवलंस?" त्या एका प्रश्नानं माझं मत फिरलं. आठ महिने मी इंजिनाला शिव्या घातल्या, आणि इंजिन बिचारं धड आहे. पहिल्या दोन टाक्या लिटरला ६० मिली तेल घालून चालवल्या, नंतर ५० वर आलो. एकदाही अडून बसलं नाही. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पुली चाकाकडे फिरू शकते, तिचा नटबोल्ट दर आठवड्याला तपासावा लागतो, बाकी तक्रार नाही. खोक्यावरचा मजकूर मात्र खोटाच आहे, यावर मी ठाम आहे.

घरी येऊन वडिलांची २२ इंची काळी सायकल गोठ्यातून बाहेर काढली. कार्ब्युरेटर जिथं येईल तिथं नळीपर्यंत २१ मिमी मोकळे, दांडीखाली प्लगचा पाना सहज फिरेल एवढी जागा. आणि मग चाकाकडे लक्ष गेलं. किटचं स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनाच्या चेनचं मागचं दातेरी चक्र, नऊ बोल्टांनी स्पोकांच्या मधून आवळतात, ते ३६ स्पोकांच्या चाकासाठी, चार स्पोकांमागे एक बोल्ट. या जुन्या सायकलींच्या मागच्या चाकाला ४० स्पोक. नऊ बोल्ट ४०-४० अंशांवर, मला हवेत दहा, ३६-३६ अंशांवर. जागा आहे त्या फ्रेमला चाक जुळत नाही, चाक जुळतं त्या फ्रेमला जागा नाही. किट घेण्याआधी टेप घेऊन या दोन गोष्टी पाहा, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

काका स्प्रॉकेटची नऊ भोकं वेल्डिंगनं भरून दहा नवी पाडणार आहेत, स्पोकांच्या आतल्या बाजूनं बोल्ट धरणाऱ्या पट्ट्यांनाही तशीच. स्पोकांना लागणाऱ्या रबराच्या चकत्या कन्व्हेयर बेल्टच्या तुकड्यातून कापायच्या, त्यात कापडाचे थर असतात, म्हणून त्या टायरसारख्या चेपत नाहीत. मजुरी आठशे. शनिवारी मिळेल म्हणालेत. तोवर इंजिन ओसरीत पोत्यावर उघडं पडलंय आणि मी पंपाकडे चालत जातोय.